नदीकडे, मेंढ्यांकडे

त्या वर्षी सासरे उन्हाळाभर आमच्याकडे राहायला आले होते. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच असायचे. नवरा रोज फोन करायचा, तर तिकडून तेवढंच यायचं, "मी बरा आहे. तुमचं ठीक ना?" शेवटी आम्हीच तिकीट काढून त्यांना इकडे, डचांच्या देशात, आल्मेरेला आणलं. आणल्यावर लक्षात आलं की ते फोनवर कमी बोलतात असं नव्हतं. ते बोलतच नव्हते. कशाची तक्रार नव्हती. सकाळी उठून स्वतःची कपबशी विसळून ठेवायचे, कॅनॉलपर्यंत फिरून यायचे, खिडकीशी बसायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे, आणि उत्तर संपलं की गप्प.

तसे ते आधीपासूनच मितभाषी. पण पूर्वी त्यांच्या वाटचं बोलायला सासूबाई होत्या. "ह्यांना भाजी तिखट लागलीय," "ह्यांना तुमच्या घरातला उजेड फार आवडलाय बरं का," असं त्याच सांगून टाकायच्या आणि हे नुसती मान डोलवायचे. आता भाजी तिखट झाली की नाही हे कळायला मार्गच उरला नव्हता. मी सरळ विचारायचे, "बाबा, तिखट झालीय का?" ते म्हणायचे, "छान आहे." भाजी करपली होती त्या दिवशीही छान होती.

आमच्याकडे एक जुनी कॅरॅव्हॅन आहे. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने विकायला काढली तेव्हा घेतलेली. आत एक टेबल, ज्याचा रात्री पलंग होतो, दोन शेगड्या, एवढंसं बेसिन. मुलगी तिला आपलं खरं घर म्हणते. सासऱ्यांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा भोवती एक चक्कर मारून विचारलं, "हे गाडीला बांधून ओढत न्यायचं? सगळं घर?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले. त्या आठवड्यात ते आपणहून इतकंच बोलले असतील.

सुट्टीचा बेत असा होता की आधी झीलंडमध्ये समुद्राजवळच्या कॅम्पिंगवर राहायचं आणि मग नायमेखनजवळ, वाल नदीच्या काठच्या कॅम्पिंगवर जायचं. ऐन वेळी नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी बिघडलं आणि त्याला मधले दोन दिवस तिथे, स्लोटरडाइकला, जाणं भाग पडलं. तो जवळच्या मिडलबर्गहून ट्रेनने गेला. जागा बदलायचा दिवस नेमका त्याच दोन दिवसांत येत होता.

"तू नेशील ना?" त्याने फोनवर विचारलं.

"नेईन की. सरळ तर जायचंय."

प्रश्न सरळ जाण्याचा नव्हताच. हायवेवर मी कॅरॅव्हॅन याआधीही ओढली होती. मला जमत नव्हतं ते मागे घेणं. एकदा एका रिकाम्या पार्किंगमध्ये नवऱ्याने मला शिकवायचा प्रयत्न केला होता. कॅरॅव्हॅन मागे घेताना तिचं शेपूट डावीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवायचं, हे मला तोंडपाठ होतं; हातांना मात्र ते पटत नव्हतं. शेवटी आम्ही दोघं भांडून, न बोलता घरी आलो आणि तेव्हापासून मागे घेण्याचं खातं त्याच्याकडे होतं.

निघायच्या सकाळी जाग आली ती छतावर वाजणाऱ्या पावसाने. थोडा वेळ वाट पाहिली. मग मुलीनेच फोनवर पावसाचं रडार बघून, नेहमीसारखं इंग्रजीत, जाहीर केलं की पाऊस दिवसभर जाणार नाहीये. मी रेनकोट चढवून बाहेर आले. कॅरॅव्हॅनला जोडलेला तंबू उतरवायचा, विजेची वायर गुंडाळायची, गॅस बंद करायचा, चारी कोपऱ्यांचे पाय फिरवून वर घ्यायचे. ओला तंबू घडी घालायला गेलं की दुप्पट जड होतो आणि कुठूनही पाणी ओततो. मी दुसरं टोक धरायला मुलीला हाक मारणार, तोवर समोरून ते टोक उचललं गेलं. सासरे बाहेर आले होते. स्वेटर, खाली पायजमा, पायात नवऱ्याच्या सँडल.

"बाबा, तुम्ही आत बसा. भिजाल."

ते आत गेले नाहीत. घडीवर घडी घालत माझ्यापर्यंत आले, टोक माझ्या हातात दिलं आणि पुढच्या टोकासाठी वाकले. मी माझा पिवळा रेनकोट काढून त्यांना घातला आणि नवऱ्याचा जुना निळा स्वतः घेतला. पिवळा त्यांना आखूड होत होता. मुलगी खिडकीतून हसत होती.

निघालो. सासरे माझ्या शेजारी, मुलगी मागे. वायपर पूर्ण वेगात. झीलंडच्या त्या उघड्या रस्त्यांवर, पुलांवर वारा बाजूने येतो आणि कॅरॅव्हॅनला ढकलतो. मग तिचं शेपूट हलतं आणि ते हलणं आपल्या सीटपर्यंत येऊन पोचतं. एका पुलावर मोठा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला, काचेवर पाण्याची भिंत आली आणि मागून जोराचा हिसका बसला. मी ब्रेक लावला नाही, नुसता पाय उचलला आणि चाक घट्ट धरून ठेवलं. गाडी हळूहळू शांत झाली. सासऱ्यांनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. पूल संपल्यावर एक हात सोडला.

"भीती वाटली का बाबा?"

"नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू छान चालवतेस."

करपलेल्या भाजीला म्हणायचे तसंच ते छान होतं. मला एकदम खूप एकटं वाटलं. शेजारी माणूस बसलेलं, पण त्याच्यापर्यंत पोचायला रस्ता नाही. वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबून आम्ही कॅरॅव्हॅनमध्ये बसून सकाळी बांधून घेतलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. खिडक्यांवर वाफ धरली. मुलीने वाफेवर बोटाने मांजर काढलं. सासऱ्यांनी तिच्या मांजराला एक शेपूट जोडलं आणि परत हात मांडीवर ठेवले.

नायमेखन आता जवळ आलं असताना मुख्य रस्ता कामासाठी बंद निघाला. पिवळ्या पाट्यांनी आम्हाला दुसरीकडे वळवलं, पुढे त्या पाट्या कुठे हरवल्या कळलं नाही आणि फोनमधल्या बाईने मला नदीच्या बांधावर चढवलं. वाल नदीचा तो बांध म्हणजे उंच, गवताचा, वर जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. एका बाजूला खाली पुराचं पाणी पसरतं ते मैदान आणि त्यापलीकडे करडी, फुगलेली नदी. दुसऱ्या बाजूच्या उतारावर मेंढ्या. कठडा वगैरे काही नाही. एक शेतघर मागे गेलं. रस्ता हळूच वळला आणि समोर लाल-पांढरे अडथळे. त्यामागे खणलेला रस्ता आणि पावसात उभं एक पिवळं यंत्र. माणूस कोणी नाही.

मी गाडी बंद केली. वायपरही थांबले आणि समोरचं सगळं विरघळून गेलं.

"आता?" मुलीने मागून विचारलं.

आता मागे. वळायला जागा नव्हती. कॅरॅव्हॅन सोडून हाताने फिरवावी तर ती उतारावरून नदीत जायची. मी नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, उचलला नाही. मी चाकावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं आणि मुलीला दिसू नये म्हणून मी काचेबाहेर बघायला लागले, जिथे काहीच दिसत नव्हतं.

शेजारी खट्ट आवाज झाला. सासऱ्यांनी पट्टा सोडला होता.

"मी उतरतो."

"बाबा, अहो पाऊस केवढा आहे."

"मागे बघायला कोणीतरी पाहिजे ना?" ते म्हणाले आणि उतरलेसुद्धा. मुलीची छत्री घेतली होती; ती दोन पावलांवर उलटी झाली. त्यांनी ती मिटून काखेत धरली आणि कॅरॅव्हॅनच्या कडेने मागे चालत गेले. आरशात फक्त पिवळा रेनकोट दिसायला लागला. मी खिडकी पूर्ण खाली केली. पाऊस आत आला.

आणि मग आवाज आला.

"येऊ दे!"

मी दचकले. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. विमा कंपनीत आयुष्यभर टेबलाशी बसून काम केलेल्या, घरात पंखाही हळू लाव म्हणणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. पावसाच्या वरून, वाऱ्याच्या वरून.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे... थांब!"

थांबले. शेपूट तिरकं गेलं होतं.

"डावीकडे घे!"

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

आरशातला पिवळा रेनकोट विचारात पडला. तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. आणि मला चाक फिरवायचं होतं ते शेपटाच्या उलट. डावं-उजवं ह्याचा आमच्या दोघांत पार गोंधळ झाला होता. मग ते ओरडले, "डावं-उजवं सोड! नदी आणि मेंढ्या! मागचा भाग नदीकडे चाललाय. मेंढ्यांकडे आण!"

मेंढ्यांकडे शेपूट, म्हणजे चाक नदीकडे. हे माझ्या हातांना एकदम कळलं. का कळलं सांगता येणार नाही. डावं आणि उजवं ही नुसती नावं होती. नदी आणि मेंढ्या समोर होत्या.

"मेंढ्यांकडे... मेंढ्यांकडे... आता पुरे. सरळ. येऊ दे, येऊ दे."

तशी आम्ही मागे सरकत राहिलो. एकदोनदा कॅरॅव्हॅन फारच दुमडली, तेव्हा ते ओरडायचे, "पुढे जा, सरळ कर, परत ये, काही घाई नाही!" दोन सायकलवाले आले. मागे मेंढ्यांच्या बाजूला गवतात उतरून, सायकली धरून, आम्ही जाईपर्यंत उभे राहिले. सासऱ्यांनी त्यांनाही हाताने "थांबा" अशी खूण केली, चौकातल्या पोलिसासारखी. मुलगी मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून माझ्या कानात सांगत होती, "नदी, आई! नदी! नाही, मेंढी!" तीही चक्क मराठीत. तिला बहुधा लक्षातही आलं नसेल.

शेतघराच्या वाटेच्या तोंडाशी थोडी सपाट जागा होती. कॅरॅव्हॅनचं शेपूट तिथे घुसवलं की गाडीचं तोंड आपोआप परतीच्या रस्त्याकडे वळणार होतं. आम्ही तिथवर पोचलो तेव्हा शेतघरातून एक बाई बाहेर आली. साठीची असेल, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर काही नाही. काही न विचारता ती कॅरॅव्हॅनच्या दुसऱ्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि हात हलवायला लागली.

"कोम मार, कोम मार," ती म्हणाली. डचमध्ये त्याचा अर्थ येऊ दे, येऊ दे.

"येऊ दे, येऊ दे," इकडून सासरे.

"कोम मार!"

"येऊ दे!"

दोन्ही आरशांत दोन माणसं एकच गोष्ट सांगत होती आणि मी त्या दोघांच्या मधून, जन्मात पहिल्यांदा, कॅरॅव्हॅन मागे घेत वळवत होते. मला फार मोठं काहीतरी जमल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात बाई ओरडली, "हो! हो! हो!"

डचमध्ये "हो" म्हणजे थांब. हे मला माहीत आहे. इथे राहून इतकी वर्षं झाली, मी डचांसाठी डचमध्ये कामं करते. पण त्या वेळी मी पूर्ण मराठीत होते. ती हो म्हणाली, मी म्हटलं, हो तर हो. आणि आणखी मागे घेतली.

काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मागोमाग सासऱ्यांनी कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावर तळहाताने धडाधड वाजवलं, "बस, बस, बस! अगं बस!"

उतरून पाहिलं तर निळ्या फुलांची एक मोठी मातीची कुंडी तिरकी झाली होती आणि कॅरॅव्हॅनच्या मागच्या लाल दिव्याचं कव्हर दुभंगलं होतं. मी त्या बाईची माफी मागायला लागले. माझी डच घाईत नेहमी बिघडते. मी तिला सांगितलं की आमच्या भाषेत हो म्हणजे होकार. तिने ते एकदा नीट ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं.

"म्हणजे मी तुला थांब थांब ओरडत होते आणि तू ऐकत होतीस ये ये?"

"हो," मी म्हटलं. मराठीतलं.

ती हसायला लागली. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून. मी सासऱ्यांना मराठीत सांगितलं काय झालं ते. ते आधी गंभीरपणे दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं थंडी वाजतेय. पण ते हसत होते. आवाज न करता सुरू झालं आणि मग आवाजही आला. डोळ्यांतून पाणी, नाकावरून पावसाचं पाणी. पिवळा आखूड रेनकोट, त्यातून बाहेर आलेल्या ओल्या बाह्या, काखेत मोडकी छत्री. मुलगी गाडीच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहतच राहिली. तिने आजोबांना हसताना लहानपणी पाहिलं असेल, पण आठवत नव्हतं.

त्या बाईने आम्हाला आत बोलावलं. बूट काढायच्या खोलीत बाकावर बसवून कॉफी दिली, मुलीला गरम चॉकलेट. सासऱ्यांना टॉवेल दिला आणि खुंटीवरचा एक जाड लोकरीचा स्वेटर काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. नको म्हणायची संधी दिली नाही. कुंडीबद्दल म्हणाली, ती आधीच तडकलेली होती. ते खरं होतं की नाही देव जाणे. दोन दिवसांनी आम्ही स्वेटर परत द्यायला गेलो, सोबत घरून आणलेल्या चकल्यांचा डबा घेऊन, तेव्हा कुंडी तिथेच होती, फुलंही ताजी. निघताना तिने सासऱ्यांशी हात मिळवला आणि म्हणाली, "येऊ दे." अगदी बरोबर म्हणाली. सासरे म्हणाले, "कोम मार."

दिवा फुटला त्या संध्याकाळी रस्त्यात मात्र अजून एक गोष्ट झाली. बांधावरून खाली उतरून मोठ्या रस्त्याला लागलो, फुटक्या दिव्यावर त्या बाईने दिलेली चिकटपट्टी होती, पाऊस तसाच होता. सासरे समोर बघत म्हणाले, "तुझ्या सासूबाई असत्या ना, तर आधी तुला ओरडल्या असत्या. मग त्या बाईला. मग मला म्हणाल्या असत्या, तुम्हाला मागे उभं केलं होतं ते कशाला?"

वर्षभरात त्यांनी सासूबाईंचा विषय काढला नव्हता. आम्ही काढला की उठून पाणी प्यायला जायचे. चुकीचं काही बोलले तर दार परत बंद होईल असं वाटत होतं.

"आणि कुंडी घरी घेऊन यायला लावली असती," मी म्हटलं. "भरपाई म्हणून पूर्ण पैसे देऊन."

"छे," ते म्हणाले. "घासाघीस करून." आणि मान हलवत राहिले.

नव्या कॅम्पिंगवरची जागा सुदैवाने अशी होती की पुढूनच आत शिरता येत होतं. तंबू उभारायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. हीटर लावला, ओले कपडे जमेल तिथे टांगले, मी कुकरला मुगाची खिचडी लावली. नवरा स्टेशनवरून बस पकडून, मग चालत, चिंब होऊन आला. दारातच घाबरून म्हणाला, "मीटिंग होती गं, फोन बघितलाच नाही. काय झालं? पोचलात ना नीट?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "बस. सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. बांध होता त्याच्या दुप्पट उंच झाला, नदी अगदी चाकांपर्यंत आली, मेंढ्या शेकड्यांनी झाल्या. सायकलवाल्यांना त्यांनी कसं थोपवून धरलं तेही आलं. "आणि ही," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "एवढ्याशा रस्त्यावरून अशी मागे आणलीन! तुला नसती जमली." नवरा टॉवेल हातात तसाच धरून ऐकत होता. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पळी घेऊन खिचडीकडे वळले.

पानं वाढली. बाहेर अजून चांगला उजेड होता, उन्हाळ्यात इथे असतो तसा. जेवताना मुलीने विचारलं, इंग्रजीत, की आजीला गाडी मागे घेता आली असती का.

"तुझ्या आजीला?" सासरे म्हणाले. "तिला सायकलसुद्धा येत नव्हती."

मुलीने चमचा खाली ठेवला. सायकल न येणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. "खरंच? मग?"

"मग मी शिकवली. लग्न झाल्यावर. आमच्या घरामागे शाळेचं मैदान होतं, तिथे रोज संध्याकाळी. मी मागून कॅरिअर धरून पळायचो. तिची एकच अट, मी सोडायचं नाही आणि ती सगळा वेळ बोलत राहणार, म्हणजे भीती वाटत नाही. तर ती पुढे बघून बोलायची आणि मी मागून हं हं करत पळायचो. एक दिवस दम लागला म्हणून सोडली. तिला कळलंच नाही. गेली की पुढे! एकटी. सगळ्या मैदानाला चक्कर मारली, बोलत बोलत. मी इकडे उभा, आणि ती तिकडे लांब, सायकलवर, माझ्याशी बोलतेय."

नवऱ्याला ही गोष्ट माहीत नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"काय बोलत होती?" मुलीने विचारलं. मराठीत.

"मला कुठे ऐकू आलं? नंतर विचारलं, तर म्हणाली, सायकल धरून ठेवली असती तर कळलं असतं." सासऱ्यांनी ताटातली खिचडी चमच्याने एका बाजूला घेतली. "कधी सांगितलंच नाही शेवटपर्यंत. मी किती वेळा विचारलं."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ जरा कमी झालंय गं."

मी उठून मीठ दिलं.